जगायला

मुंबईचा गाळा विकून कायमचा अकलोलीला आलो तेव्हा टेम्पोत पायानं चालवायचं जुनं ट्रेडल मशीन होतं, शिशाच्या खिळ्यांनी भरलेले नऊ लाकडी खण होते आणि कापून उरलेल्या कोऱ्या कागदाचे चौदा गठ्ठे होते. अंबाडी नाक्यावर चहाला थांबलो, तर टपरीवाल्यानं ताडपत्रीचं टोक उचलून बघितलं आणि विचारलं, “भंगार कुठं घालायचंय?” मी म्हटलं, “घरी.”

लोअर परळला माझा छापखाना होता. आधी खिळे जुळवायचे, मग ऑफसेट आलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, कॅलेंडरं, वह्यांची कव्हरं, निवडणुकीच्या दिवसांत तीन-तीन पाळ्या. अकरा कामगार होते. गावात मला उद्योजक म्हणतात, तेव्हा मी खाली बघतो. खरं म्हणजे छपाईनं मला पोटापुरतं दिलं. पैसा दिला तो गाळ्यानं. आजूबाजूच्या गिरण्या पडल्या, तिथं काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि माझ्या साडेतीनशे फुटांना भाव आला. माझं कर्तृत्व एवढंच, की मी तो आधी विकला नाही.

अकलोली म्हटलं की बाहेरच्या माणसाला गरम पाण्याची कुंडं आठवतात. रामेश्वराच्या देवळासमोरची कुंडं, नदीच्या पात्रातले झरे, पलीकडे वज्रेश्वरी, अलीकडे गणेशपुरी. देवीनं मारलेल्या राक्षसांचं रक्त अजून ऊन आहे, असं आजी सांगायची. तेच आजही पर्यटकांना सांगतात आणि खरं-खोटं करण्याच्या भानगडीत न पडता माणसं गुडघे शेकून जातात. मला मात्र कुंडांपेक्षा तानसा जवळची. या नदीवर वर शहापूरकडे इंग्रजांनी धरण बांधलं आणि १८९२ पासून तिचं पाणी नळातून मुंबईला जातं. आमच्याकडं उन्हाळ्यात पात्रात दगड उघडे पडतात आणि परळच्या गाळ्यातल्या नळाला मात्र पाणी. शाई लागलेले हात धुताना मला कधीमधी वाटायचं, हे पाणी आणि मी एकाच वाटेनं आलो. वाटण्यापलीकडं त्याचं काही केलं नाही.

आल्या आल्या माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि मीच पूर्वी कधीतरी छापलेलं असावं असं वाटणारं मानपत्र. एका वक्त्यानं भाषणात आपल्या ठाणे जिल्ह्याला नाना शंकरशेठांची परंपरा असल्याचं सांगितलं आणि माझ्याकडं हात केला. टाळ्या पडल्या. मला घाम फुटला. घरी येऊन नानांचं चरित्र काढलं.

नाना मुरबाडचे, जन्म १० फेब्रुवारी १८०३. पण त्यांचं सारं कर्तृत्व मुंबईत घडलं. शिक्षण, रेल्वे, नाटक, संग्रहालय, बाग. त्या शहराच्या कुठल्याही जुन्या भिंतीला हात लावा, मागं नाना निघतात. ग्रँट रोडच्या नाटकगृहाला जमीन त्यांनी दिली, ते १८४६ साली उघडलं आणि विष्णुदास भाव्यांच्या मंडळींनी १८५३ साली तिथं खेळ केले. त्याच १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, त्या कंपनीच्या संचालकांतही नाना. म्हणजे मुंबईला नाटक देणारा आणि ठाण्याची माणसं मुंबईला नेण्याची सोय करणारा माणूस एकच. यातलं मला पेलण्यासारखं काहीच नव्हतं. एक गोष्ट मात्र मनात रुतून बसली. १८४९ साली मुलींच्या शाळा निघाल्या तेव्हा लोकांनी नावं ठेवायला सुरुवात केली होती. जागा कोण देणार? नानांनी आपल्या राहत्या वाड्यात जागा दिली. देणगी देणं वेगळं आणि दुसऱ्यांच्या लेकींचा गलका रोज आपल्या घरात ऐकणं वेगळं. माझ्याकडं वाडा नव्हता, पण पडवी होती. चांगली लांबरुंद, पूर्वी तिथं भाताच्या कणग्या असायच्या.

पडवीत शनिवारचा वर्ग सुरू केला. शाळा सकाळची, दहा-साडेदहाला सुटते; मग पोरं येत. गावातली आणि वरच्या पाड्यावरचीही. चौदा गठ्ठ्यांतला एक गठ्ठा फोडला. उरलेला कागद कसाही कापलेला असतो, कुणाला लांब पट्टी मिळे, कुणाला तळहाताएवढा तुकडा. एका पोरीनं पट्टीवर आडवा साप काढला आणि साप पुरला नाही म्हणून दुसरी पट्टी मागायला आली. पहिल्या शनिवारी नऊ, श्रावण संपता संपता तेवीस. मी बायकोला म्हटलं, “बघ, कागद भरतोय.”

मग मला स्पर्धेची अवदसा आठवली. धंद्यातला माणूस, माल आहे म्हणजे प्रदर्शन हवं, नंबर हवेत, पाहुणे हवेत. विषय दिला वारली चित्रकला. मुंबईच्या ओळखीच्या छापखान्यात प्रशस्तिपत्रकं छापून आणली, तीनशे जीएसएमचं आर्ट कार्ड, वर सोनेरी फॉईल. स्पर्धेच्या दिवशी तेवीस कागदांवर तेवीस सारखीच चित्रं आली, त्रिकोणाला त्रिकोण जोडलेली माणसं गोल धरून नाचताहेत. विचारलं तर पोरं म्हणाली, “शाळेच्या भिंतीवर आहे ना तसं.” वरच्या पाड्यावरची एक म्हातारी नातवाला घ्यायला आली होती. ती पदर तोंडाला लावून हसत होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, “लगीन कुणाचं हाय?”

तिचं हसणं मला बऱ्याच दिवसांनी उलगडलं. वारल्यांच्या घरात भिंतीवर चौक काढत नाहीत, ‘लिहितात’. तोही लग्नाला, तांदळाच्या पिठानं, सवाष्णींनी. मधे पालघट देवी असते, धवलेरी गाणी म्हणते, लग्न होतं, आणि चौकाचं काम झालं की झालं. भिंत पुन्हा सारवली जाते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडं गेले आणि त्यांनी कागद पुढं केला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशांनी तो घेतला. बायकांच्या हातातलं काम पुरुषानं, लग्न नसताना, कागदावर करायचं. हे सगळं एका दमात उलटं होतं. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री, २०१८ च्या मे महिन्यात ते गेले. भिंत गावात राहते, कागद जगभर जातो. छापखानेवाला म्हणून हे मला फार आवडलेलं सत्य आहे, कागदाची बाजू मी घेणारच. पण माझ्या स्पर्धेत काय झालं? जगभर फिरून आलेला तोच कागद शाळेच्या भिंतीवर रंगला होता आणि पोरांनी त्याची नक्कल पुन्हा माझ्या कागदावर काढली होती. पाड्यावरच्या ज्या तीन पोरांच्या घरात खरा चौक लिहिला गेला होता, त्यांनीही शाळेच्या भिंतीवरचाच काढला. बक्षीस कशाला मिळतं, ते मुलांना बरोबर कळतं. त्या तिघांतल्या एकाला मी दुसरा नंबर दिला. पोरगा दहा-अकराचा, काटकुळा, उजव्या भुवईवर जुना व्रण. मला शेठ म्हणायचा. काका म्हण, असं दोनदा सांगून पाहिलं. “हो शेठ,” म्हणाला.

दिवाळी झाली. नंतरच्या शनिवारी पडवीत चार पोरं होती, चारही गावठाणातली. पुढच्या शनिवारीही चार. मी रागावलो. कशावर, ते सांगता येत नाही. चहा-बिस्किटांचा खर्च, नवे रंग, शिवाय भिंतीला लावलेला पांढरा फळा, हे सगळं डोळ्यांपुढं येत होतं. संध्याकाळी पाड्यावर गेलो. बऱ्याच झोपड्यांची दारं काटक्या लावून बंद होती. म्हातारी अंगणात वाल निवडत होती.

“पोरं कुठं गेली?”

“जगाया गेली.”

एवढंच बोलून ती पुन्हा वाल निवडायला लागली. ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांवर हा शब्द रोजचा आहे. भात कापून झालं, खळं उरकलं, घरातलं धान्य किती दिवस पुरणार याचा अंदाज आला, की माणसं जगायला जातात. वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर. गणपतीच्या सुमारास शेठकडून बयाणा उचललेला असतो, तो फेडायचा असतो. पोरं मागं कुणाकडं ठेवणार, म्हणून तीही जातात. मृगाच्या आधी परततात. लहानपणापासून हा शब्द माझ्या कानावरून गेला असणार, पण तो मी ऐकला त्या संध्याकाळी.

परत येताना एक गोष्ट डोक्यात घुमत राहिली. मी सतराव्या वर्षी मुंबईला गेलो ते काय करायला? भाताच्या दोन खाचरांत पाच भाऊ मावत नव्हते म्हणून. पण आईला कुणी विचारलं तर ती म्हणायची, “तो मुंबईला असतो.” असतो. अडतीस वर्षं मी मुंबईला ‘असत’ होतो. आमच्यासारख्यांच्या जाण्याला असणं म्हणायचं आणि त्यांच्या जाण्याला जगणं, ही वाटणी कुणी केली कोण जाणे. माझ्या येण्याचा सत्कार झाला होता. ती जूनमध्ये परत येतात तेव्हा त्यांना कुणी नारळ देत नाही.

त्याच महिन्यात मी जळगावला गेलो. वर्गाचा रुसवा होताच, शिवाय घरामागच्या अर्ध्या एकरात मोगरा लावला होता आणि ठिबक बसवायचं होतं. जिथून नळ्या येतात तिथं जाऊन एकदा बघावं, असं मनात होतं. भवरलाल जैनांबद्दल छापखान्यात असतानाच ऐकलं होतं. अजिंठ्याच्या वाटेवरच्या वाकोदचा मुलगा मुंबईत वाणिज्य आणि कायदा शिकला, सरकारी अधिकाऱ्याची परीक्षा पास झाला, आणि नेमणूक सोडून १९६३ साली जळगावला घासलेट विकायला बसला. घराची साठवण सात हजार रुपये, तीच भांडवल. पुढं पाइप आले, ठिबक आलं, हजारो लोकांचा कारखाना झाला. २०१६ साली ते गेले तोवर सगळ्यांचे ‘भाऊ’च राहिले, जळगावात आजही त्यांना शेठ म्हणणारा मला कुणी भेटला नाही. मी लगेच मनात टिपून ठेवलं.

जैन हिल्सवर गेलो. २०१२ साली उघडलेलं गांधीतीर्थ हे संग्रहालय पाहिलं, २००७ पासूनची अनुभूती ही निवासी शाळा बाहेरून पाहिली. गरीब घरांतल्या मुलांसाठी शहरात त्यांची दुसरी शाळा आहे, तिचंही नाव अनुभूतीच. बहिणाबाई, बालकवी ठोंबरे, ना. धों. महानोर या तिघांच्या नावानं तिथून साहित्याचे पुरस्कार दिले जातात. महानोर तर भाऊंचे जिवलग मित्र. कवी आणि कारखानदार यांची मैत्री शेतीवर बोलत बोलत झाली, हे मला त्या सगळ्या बांधकामापेक्षा मोलाचं वाटलं. पण परतीच्या गाडीत हिशेब मांडत बसलो तेव्हा ध्यानात आलं, भाऊंची गोष्ट मला लागू पडतच नाही. ते तरुणपणी परतले, परतून धंदा उभा केला आणि धंद्याबरोबर गाव वाढवत नेलं. त्यांच्याकडं देण्यासारखं सर्वांत मोठं काही असेल तर ती बारमाही नोकरी. बापाला बारा महिने काम असलं की पोरगं शाळेत बारा महिने दिसतं; मग त्याच्यासाठी चित्रकलेचा वर्ग काढा नाहीतर बुद्धिबळाचा. मी निवृत्त होऊन आलो होतो. माझ्याकडं पडवी होती, कागद होता आणि शनिवार होता. पाड्यावरच्या माणसांना कार्तिक ते वैशाख काम मी देऊ शकत नव्हतो. मोगऱ्याच्या अर्ध्या एकराला दोन बायका पुरतात.

तेव्हा शनिवारच हलवावा.

पाड्यावर चौकशी करून भट्टी शोधली. अंबाडी नाक्यापलीकडं, वाड्याच्या रस्त्याला, आत दीड मैलावर. पहिल्यांदा गेलो तो उन्हाचा. कच्च्या विटांच्या रांगा, भाताच्या तुसाचा ढीग, कोळशाची काळी भुकटी, आणि कडेला भोंगे. भोंगा म्हणजे विटा एकावर एक नुसत्या रचून, वर पेंढा नाहीतर प्लॅस्टिक टाकून केलेलं खोपट; माणूस आत वाकून जातो आणि वाकूनच बाहेर येतो. त्यावरूनच भोंगाशाळा हा शब्द आला. आमच्या शेजारच्या उसगावच्या विधायक संसद या संस्थेनं, विवेक आणि विद्युल्लता पंडितांनी, नव्वदच्या दशकात भट्ट्यांवरच शाळा भरवायला सुरुवात केली होती. म्हणजे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी सुचलेली गोष्ट माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कित्येक वर्षांपूर्वी होऊन गेली होती, आणि तेव्हा मी परळला मतपत्रिकांचे नमुने छापत होतो.

भुवईवर व्रण असलेला पोरगा मला बघून आनंदला असं म्हणवत नाही. संकोचला. त्याची आई भोंग्याच्या तोंडाशी भाकऱ्या थापत होती. आत वाकून बघितलं, तर वाऱ्याच्या बाजूला दोन विटांच्या फटीत माझं प्रशस्तिपत्रक खोचलेलं. तीनशे जीएसएमचं कार्ड, घडी पडत नाही, वारा बरोबर अडवतं. सोनेरी फॉईल धुरानं काळवंडली होती, ‘द्वितीय’ एवढंच वाचता येत होतं. मी इतकी वर्षं जे जे छापलं, त्यातलं इतकं उपयोगी पडलेलं दुसरं काही मला आठवत नाही.

भट्टीचं काम कसं चालतं, ते मग दर शनिवारी थोडं थोडं कळत गेलं. रात्री दोन-अडीचला उठून गारा तुडवायचा. बाप फर्मा भरतो, आई गोळे करून देते, ऊन चढायच्या आत विटा पाडून व्हायला हव्यात. मोजणी हजारावर. वीट आंबटओली झाली की तिला पालटी मारून उभी करायची, आणि हे काम लहान हातांचं. मोठ्या माणसाची बोटं विटेत रुततात, पोराची रुतत नाहीत. मला हे कौतुकानं सांगितलं गेलं, आणि सांगणाऱ्यानं मग स्वतःच मान फिरवली.

‘फर्मा’ शब्द ऐकून मी चमकलो होतो. आमच्या धंद्यात खिळे जुळवून, चौकटीत आवळून छापायला तयार केलेल्या पानांनाही फर्माच म्हणतात. विटेच्या फर्म्याच्या तळाला शेठच्या नावाची अक्षरं होती, विटेच्या पोटात जी उमटतात ती. अर्थातच उलटी. मी सवयीनं ती वाचली. पोरगा माझ्याकडं बघत राहिला.

“शेठ, तुमाला उलटं वाचता येतं?”

“तुला?”

त्यानं तीन फर्मे आणून दाखवले, तीन वेगवेगळ्या भट्ट्यांचे. तिन्ही झरझर वाचले. शाळेच्या पुस्तकातलं सुलटं मराठी तो अडखळत, बोट ठेवून वाचायचा. उलटं मात्र न अडखळता. कारण दोन हंगाम तो तेच बघत आला होता. मी खिळे जुळवायला शिकलो तेव्हा उलटं वाचायला मला आठ महिने लागले होते आणि मुख्य कंपोझिटरनं डोक्यावर टपल्या मारल्या होत्या त्या वेगळ्या.

पुढच्या शनिवारी खिळ्यांचा एक खण घेऊन गेलो. ट्रेडल मशीन पडवीतच ठेवलं, ताडपत्रीखाली. त्यात बोट सापडतं. माझ्या डाव्या अनामिकेचं अर्धं पेर त्यात गेलंय. शिवाय भट्टीवरच्या पोराला यंत्रापाशी उभं करायचं माझ्यानं होईना, मग खेळ म्हणून का असेना. गॅलीत खिळे लावायचे, वर रुळानं शाई फिरवायची, कागद ठेवून हातानं दाबायचं. प्रूफ काढायची ही जुनी तऱ्हा. पाच-सहा पोरं जमायची, दुपारी विटा वाळत असताना. भट्टीवाल्यानं एकदा येऊन पाहिलं, काही बोलला नाही, दुसऱ्यांदा म्हणाला, “पोरांना नादी लावू नका.” नंतर त्यानं स्वतःच्या मुलीच्या बारशाची पत्रिका होईल का, असं विचारलं. होईल म्हटलं. तेव्हापासून वाद नाही.

काय छापलं आम्ही? नावं. आधी आपली, मग आईबापाची, मग कुत्र्याचं. मग पोरांनी बटाटा कापून त्यावर कोरायला सुरुवात केली. मी शिकवलं नव्हतं. शाळेच्या भिंतीवरचा गोल नाच एकानंही कोरला नाही. ट्रक आला, विटांनी भरलेला. कोंबडी आली. एका पोरीनं तारपा कोरला, दुधी भोपळ्याचा फुगीर भाग बटाट्याला सहज जमला, पण खालचा ताडपानाचा कर्णा बटाट्यात मावेना. तिनं तो दुसऱ्या बटाट्यावर कोरला आणि कागदावर दोन ठसे जोडून दिले. तिचा आजा तारपा वाजवायचा. मी तिला म्हटलं, अगदी तारप्यासारखा झालाय. ती म्हणाली, आजाचा याहून वाकडा होता.

याच दिवसांत वाड्याकडच्या एका आश्रमशाळेत ‘गोष्टरंग’चा प्रयोग बघायला मिळाला. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याच्या ‘क्वेस्ट’ संस्थेची ही मंडळी, तरुण नट-नट्या शाळाशाळांतून जातात आणि पुस्तकातल्या गोष्टी मुलांपुढं नाटक करून उभ्या करतात. मुलं हसली कुठं यापेक्षा गप्प कुठं झाली, ते मी बघत होतो. प्रयोगानंतर ती पुस्तकांवर तुटून पडली. मला मनापासून हेवा वाटला. त्यांचं काम नीट आखलेलं, माझं आपलं शनिवार ते शनिवार. मग आठवलं, गणेशपुरीच्या नित्यानंदबाबांनी काय केलं होतं? मुलांना जेवू घातलं. बालभोजन म्हणतात त्याला. बाबांनी १९६१ साली समाधी घेतली. मोठमोठे आश्रम नंतर उठले, परदेशी माणसं आली. पण गावातली जुनी माणसं आजही आधी ते भोजनच सांगतात. मीही एका शनिवारी कागदाबरोबर केळी नेली आणि लक्षात आलं, की त्या दिवशी ठसे जास्त काळजीपूर्वक निघाले. भुकेलं पोर घाईनं दाबतं, मग शाई पसरते.

होळी गेली. ऊन असं की शिशाचा खिळा हातात धरवेना. एका शनिवारी पोरगा गॅलीकडं आलाच नाही, रांगांच्या पलीकडं पाठमोरा बसून काहीतरी करत होता. हाक मारली तर हातानंच थांबा म्हणाला. मी गेलो नाही. चैत्र संपत आला तशी भट्टी लावायला घेतली. कच्च्या विटा रचायच्या, मधे कोळसा आणि तूस, बाहेरून गारा लिंपायचा, मग पेटवायची. पंधरा-वीस दिवस आतून धुमसत असते. त्या काळात मी दोन शनिवार गेलोच नाही. मोगरा ऐन बहरात होता आणि पहाटेची फुलं दादरच्या गाडीवर चढवायची होती. धंदा सुटत नाही.

वैशाखाच्या शेवटी माणसं परतली. हिशेब होऊन बयाणा फिटला की नाही, मी विचारलं नाही. म्हातारीनं आपणहून सांगितलं, थोडा राहिला. पहिला पाऊस पडायच्या आदल्या शनिवारी पोरगा पडवीत आला. खांद्यावरचा टॉवेल सोडला, आत वीट. भाजून लालबुंद झालेली, एक कोपरा उडालेला. शेठच्या नावाच्या उलट बाजूला, सपाट अंगावर, खिळ्यानं कोरलेली अक्षरं. मी डोळ्यांजवळ नेली. त्याचं नाव होतं, तीन अक्षरी. आणि उलटं कोरलेलं.

“शाई हाय का?” त्यानं विचारलं.

शाई होतीच. रूळ फिरवला. भाजलेली वीट शाई पिते. पहिला ठसा नुसता डाग आला, दुसऱ्यात कडा दिसल्या. तिसऱ्या खेपेला शाई दाट केली, कागद जरा ओला केला, दोघांनी मिळून तळहातांनी दाबलं. कागद उचलला तर नाव सुलटं. अक्षरं जाड, ओबडधोबड, पण कुणालाही वाचता यावीत अशी. फक्त पहिल्या अक्षराची वेलांटी त्यानं शाळेच्या सवयीनं सरळ बाजूलाच कोरली होती, त्यामुळं ठशात दीर्घाची ऱ्हस्व झाली होती.

अडतीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस मी. राहवलं नाही. बोट ठेवून दाखवलं.

त्यानं वाकून बघितलं. वीट उलटी केली, सुलटी केली, ओठ हलवत मनाशी काही जुळवलं. मग वीट टॉवेलात गुंडाळायला लागला.

“पुढल्या खेपेला नीट कोरतो, शेठ,” तो म्हणाला. “दिवाळी झाली का.”

मी कागद दोरीवर वाळत घातला.